रणगाड्याचं रबर आणि कर्नल तारापोर

परमवीर चक्र म्हटलं की आपल्याला पटकन आठवतात ते कारगिलचे वीर. कॅप्टन विक्रम बत्रा तर होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर माहीत आहेत, कारण त्यांच्यावर सिनेमे निघाले. पण आजवर ज्या एकवीस जणांना परमवीर चक्र मिळालं, त्यांत लढताना सगळ्यात मोठ्या हुद्द्यावर असलेला अधिकारी कोण, असं मेसमध्ये जेवताना शेजारच्याला विचारून पाहा. बहुधा उत्तर येणार नाही. तो अधिकारी मुंबईत जन्मला, पुण्यात शिकला आणि १९६५ च्या युद्धात सियालकोट भागात रणगाड्यांच्या लढाईत धारातीर्थी पडला. नाव लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर. घरचे आणि मित्र त्यांना आदी म्हणत.

माझी त्यांच्याशी ओळख इतिहासाच्या पुस्तकातून झाली नाही. ती झाली रबरातून. मला लष्करी गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवायचा नाद आहे. जीप, ट्रक, रणगाडे. प्रमाण १:३५. म्हणजे खरी वस्तू पस्तीस पट लहान. या नादात सगळ्यात जास्त छळणारा भाग कोणता, असं कुणी विचारलं तर मी तोफ म्हणणार नाही, बुरूजही म्हणणार नाही. मी म्हणेन टायर. रबर खऱ्यासारखं दिसलं पाहिजे, आणि नुसतं खऱ्यासारखं नाही, तर वापरलेलं दिसलं पाहिजे. सेंच्युरियन रणगाड्याची चाकं रंगवायला घेतली तेव्हा प्रश्न आला की हा रणगाडा किती चाललेला दाखवायचा? कुठल्या मातीत? किती दिवस? या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता मी तारापोरांच्या आयुष्यापर्यंत पोचलो. म्हणून हा लेख थोडा त्यांच्याबद्दल आणि थोडा चाकांबद्दल आहे. चाकांचं कारण पुढे कळेलच.

तारापोर हे पारशी घराणं. घराण्यात अशी परंपरा सांगतात की त्यांचे एक पूर्वज, रतनजीबा, शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते आणि पराक्रमाबद्दल त्यांना गावं इनाम मिळाली. त्यातलं मुख्य गाव तारापूर, म्हणून आडनाव तारापोर. पुढे आदींचे आजोबा निजामाच्या नोकरीसाठी हैदराबादला गेले आणि कुटुंब तिकडचं झालं. आदींचा जन्म मात्र १८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईचा. त्यांचे वडील फारसी आणि उर्दूचे जाणकार होते. घरात शस्त्रांपेक्षा पुस्तकं जास्त असावीत.

लहानपणाची एक गोष्ट त्यांच्याबद्दल हमखास सांगितली जाते. आदी सहा वर्षांचे होते. घरची गाय दावं तोडून सुटली आणि मोठ्या बहिणीच्या अंगावर धावून गेली. हा सहा वर्षांचा पोरगा बहिणीच्या आणि गायीच्या मध्ये जाऊन उभा राहिला. आपल्याकडे खेड्यातल्या पोरांना सुटलेली गाय किंवा बैल म्हणजे काय ते सांगायला नको. मोठी माणसंसुद्धा अशा वेळी आधी ओट्यावर चढतात.

सातव्या वर्षी त्यांना पुण्याच्या सरदार दस्तूर बॉइज स्कूलमध्ये बोर्डिंगला ठेवलं. म्हणजे तेही होस्टेलवालेच. १९४० मध्ये ते तिथून मॅट्रिक झाले. अभ्यासात ते फार चमकले असं कुणी म्हणत नाही. पण खेळात पुढे होते आणि शेवटच्या वर्षी शाळेचे कॅप्टन होते. शाळा संपताच त्यांनी सैन्यात जायचं ठरवलं. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं सैन्य होतं. प्रशिक्षण घेऊन १९४२ साली ते ७ व्या हैदराबाद इन्फंट्रीत सेकंड लेफ्टनंट म्हणून दाखल झाले.

पण इन्फंट्री म्हणजे पायदळ, आणि आदींचं मन होतं चिलखती दलात. त्यांना यंत्र हवं होतं. आपल्यापैकी किती तरी जणांना हवी ती ब्रँच मिळत नाही. मग चार वर्षं आपण तेच रडगाणं गातो. तारापोरांची ब्रँच कशी बदलली ते ऐका. हैदराबाद सैन्याचे प्रमुख मेजर जनरल एल एद्रूस त्यांच्या बटालियनच्या तपासणीला आले होते. हातबॉम्ब फेकण्याचा सराव चालू होता. एका नवख्या जवानाकडून पिन काढलेला बॉम्ब नीट फेकला गेला नाही आणि तो जवळच पडला. हातबॉम्बची पिन काढून सोडला की तो फुटायला मोजून काही सेकंद लागतात. तारापोरांनी उडी मारून तो उचलला आणि बाहेर फेकला. फेकता फेकताच तो फुटला आणि त्याचे तुकडे त्यांच्या छातीत घुसले. एल एद्रूस हे सगळं बघत होते. बरे झाल्यावर त्यांनी तारापोरांना बोलावून घेतलं. तारापोरांनी एकच मागणी केली, चिलखती दलात बदली. मागणी मान्य झाली आणि ते १ हैदराबाद इम्पीरियल सर्व्हिस लान्सर्समध्ये गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी पश्चिम आशियातही नोकरी केली.

यानंतर आलं १९४८. हैदराबाद भारतात यायला तयार नव्हतं. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि १७ सप्टेंबरला निजामाच्या सैन्याने शरणागती पत्करली. आपल्या पुसद-उमरखेडकडच्या मुलांना हे सांगायला नको, कारण पैनगंगेच्या पलीकडे नांदेड-हिंगोलीला या दिवशी दरवर्षी झेंडावंदन होतं. शरणागती ज्यांनी दिली ते एल एद्रूस. ज्यांनी घेतली ते मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी, भारताच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचे प्रमुख. ही दोन नावं लक्षात ठेवा.

संस्थानाच्या सैन्यातल्या अनेक अधिकाऱ्यांची कारकीर्द तिथेच संपली. तारापोरांची मात्र भारतीय सैन्यात निवड झाली आणि १९५१ मध्ये ते पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये आले. हिला १७ हॉर्स असंही म्हणतात. नाव पुण्याचं का? तर १८१७ मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्याबरोबर झालेल्या करारातून इंग्रजांनी जे घोडदळ उभं केलं, त्यातून ही रेजिमेंट निघाली. पुढे घोडे गेले, रणगाडे आले, नाव राहिलं. पुण्याच्या शाळेतला मुलगा पुण्याच्या नावाच्या रेजिमेंटमध्ये आला आणि चौदा वर्षांनी तिचा कमांडंट म्हणून लढाईवर गेला. ती लढाई लढली गेली पहिल्या चिलखती डिव्हिजनमध्ये, म्हणजे १९४८ साली जी हैदराबादवर चालून आली होती त्याच डिव्हिजनमध्ये. आणि तेव्हा लष्करप्रमुख होते तेच जनरल चौधरी. माणसाची निष्ठा कागदावर कुठे जन्मली यापेक्षा ती कुठे सिद्ध झाली हे महत्त्वाचं, याला यापेक्षा मोठा दाखला मला माहीत नाही.

पूना हॉर्सकडे रणगाडे होते ब्रिटिश बनावटीचे सेंच्युरियन. तारापोरांनी त्याचं शिक्षण इंग्लंडमध्ये जाऊन घेतलं होतं. आता इथे मेकॅनिकलच्या मुलांनी जरा सरसावून बसावं. सेंच्युरियनचं वजन सुमारे ५१ टन. इंजिन रोल्स रॉइसचं मेटिओर, १२ सिलिंडर, २७ लिटर, ६५० अश्वशक्ती. हे इंजिन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या मर्लिन इंजिनाचा जमिनीवरचा भाऊ. वेग मात्र बेताचा, ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास. समोर होते पाकिस्तानचे अमेरिकन बनावटीचे पॅटन. नव्या पिढीचे, वेगवान. कागदावर तुलना केली तर अनेक जण पॅटनच्या बाजूने कौल देत होते.

आता चाकांकडे या. रणगाडा साखळीवर चालतो असं आपण म्हणतो. खरं तर तो चाकांवर चालतो आणि साखळी म्हणजे त्याने स्वतःच अंथरलेला आणि स्वतःच गुंडाळलेला रस्ता. सेंच्युरियनला प्रत्येक बाजूला सहा जोडचाकं. म्हणजे एकूण २४ चकत्या. प्रत्येक चकतीच्या कडेला भरीव रबराचा टायर पक्का चिकटवलेला. ५१ भागिले २४ केलं की एका चकतीवर सरासरी दोन टनांपेक्षा जास्त भार येतो. यात हवा नसते, ट्यूब नसते. चाक फिरताना रबर दबतं आणि सुटतं, दबतं आणि सुटतं. दबताना घातलेली सगळी ऊर्जा सुटताना परत मिळत नाही. उरलेली आत उष्णता होऊन बसते. हिस्टेरिसिस हा शब्द आपण व्हायव्हापुरता पाठ करतो, तो हाच. रबर उष्णतेचं वाईट वाहक असल्यामुळे ती उष्णता बाहेर पडत नाही. सतत चालवलं की रबर आतून तापतं, पोलादाशी असलेला जोड ढिला होतो, कडांचे लचके तुटतात. दगड-धोंडे आणि साखळीचे दात बाकीचं काम करतात. म्हणून लढाईतून आलेल्या रणगाड्याच्या चाकांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात.

प्रतिकृतीत नेमकं हेच दाखवायचं असतं. बहुतेक जण टायर काळाभोर रंगवून मोकळे होतात. पण काळाभोर टायर फक्त शोरूममध्ये असतो, आणि तिथेही तो पॉलिशमुळे. मुळात रबर काळं नसतंच. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधकाबरोबर रबर तापवून ते टिकाऊ केलं, तेव्हापासून पुढची सत्तर-एक वर्षं टायर पांढरट किंवा करडे असत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून त्यात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, घालू लागले. त्याने झीज कमी झाली आणि टायर काळे झाले. ऊन, हवा आणि धूळ लागली की हा काळा रंग पुन्हा करड्याकडे जातो. दुसरी गोष्ट अंतराची. १:३५ ची प्रतिकृती एक फुटावरून बघणं म्हणजे खरी गाडी ३५ फुटांवरून बघण्यासारखं आहे. तेवढ्या अंतरावरून कुठलाच काळा रंग निव्वळ काळा दिसत नाही. म्हणून मी काळ्यात थोडा पांढरा आणि किंचित तपकिरी मिसळतो. गडद राखाडी हा पहिला हात.

शिकायचं असेल तर पुस्तकांपेक्षा आपला जिल्हा बरा. वणीकडच्या कोळशाच्या ट्रकचे टायर बघा. कोळशाची भुकटी खाचांत बसलेली, पण जमिनीला लागणारा भाग घासून वेगळाच दिसतो. हंगामात कापूस घेऊन येणाऱ्या गाड्यांचे टायर बघा. पावसाळ्यात काळी माती चिकटून वाळते, मग तिचे पापुद्रे पडतात आणि खाली तपकिरी झाक राहते. ही झाक निव्वळ मातीची नसते. टायर उन्हाने तडकू नये म्हणून रबरात घातलेली रसायनं हळूहळू पृष्ठभागावर येतात, त्यांचाही तो रंग असतो. पंक्चरवाल्याकडे पाच मिनिटं उभं राहिलं तरी एवढं सगळं दिसतं.

पण सियालकोटच्या रणगाड्याला आपली काळी माती चालत नाही. ती पंजाबची गाळाची जमीन, रंगाने फिकट. म्हणून नदीकाठचा पोयटा आणायचा, वाळवायचा, मलमलच्या कपड्यातून गाळायचा आणि टर्पेंटाइनमध्ये कालवून ब्रशने चाकांच्या खोबणीत सोडायचा. वाळल्यावर जिथे रबर साखळीवर घासतं तिथली माती बोटाने पुसून टाकायची. कडांचे लचके ब्लेडने काढायचे, पण एकसारखे नाहीत. झीज कधीच शिस्तीत होत नसते. साखळीची आतली बाजू, जिच्यावरून ही चाकं धावतात, ती घासून चकचकीत झालेली असते. तिथे ६बी पेन्सिल फिरवली की नेमकं पोलाद दिसतं. आणि चाकाच्या मध्यभागी वंगणाचा एखादा ओला डाग. इतकं सगळं केल्यावर सेंच्युरियनच्या बाजूचे पोलादी पत्रे बसवले की चाकांचा वरचा अर्धा भाग झाकून जातो. म्हणजे अर्धं काम कुणाला दिसतच नाही! रूम पार्टनर विचारतो, मग केलंस कशाला? याचं उत्तर मला तारापोरांच्या सहा दिवसांत मिळालं.

सप्टेंबर १९६५. काश्मीरवरचा दबाव कमी करण्यासाठी भारताने पंजाबच्या आणि सियालकोटच्या बाजूने आघाडी उघडली. ८ सप्टेंबरला पहिली चिलखती डिव्हिजन सीमेपलीकडे शिरली. पहिल्याच दिवशी पाकिस्तानी रणगाड्यांशी गाठ पडली आणि चढाई अडखळली. पुढचे दोन दिवस जुळवाजुळवीत गेले. मग ठरलं की फिल्लौरा घ्यायचं, पण समोरून धडक न देता वळसा घालून मागून.

११ सप्टेंबरला मुख्य घाव घालायचं काम पूना हॉर्सकडे आलं. फिल्लौरा आणि चाविंडा यांच्या मधून रेजिमेंट पुढे सरकत असताना वझीरवालीच्या दिशेने शत्रूच्या जड रणगाड्यांनी अचानक हल्ला चढवला. रेजिमेंटचा कमांडंट म्हणजे पंचेचाळीस-पन्नास रणगाड्यांचा मालक. त्याने मागे राहून वायरलेसवर सूत्रं हलवली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. तारापोर सगळ्यांच्या पुढे होते. त्यांनी जागा सोडली नाही. हल्ला थोपवला आणि एक स्क्वाड्रन व पायदळाची बटालियन घेऊन थेट फिल्लौरावर गेले. रणगाड्यांचा आणि तोफखान्याचा मारा अखंड चालू होता. त्यात ते जखमी झाले. मागे दवाखान्यात जायला सांगितलं, तर त्यांनी नकार दिला. त्या दिवशी फिल्लौरा पडलं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. रणगाड्याचं आतलं जग फार अरुंद असतं. ऑइलचा वास, दारूगोळ्याचा धूर, इंजिनाची धग, कानठळ्या बसवणारा आवाज. आत चार माणसं. धडधाकट माणूस दोन तासांत गळून जातो. तिथे जखम घेऊन पाच दिवस राहायचं, आणि नुसतं राहायचं नाही तर सगळ्या रेजिमेंटचे निर्णय घ्यायचे. यंत्राला जशी झीज होते तशी माणसालाही होते. यंत्राचं रबर बदलता येतं.

१४ सप्टेंबरला तारापोरांनी रेजिमेंट पुढे नेऊन वझीरवाली घेतलं. आता लक्ष्य होतं चाविंडा. रस्ते आणि रेल्वेमार्ग असलेलं हे ठाणं पाकिस्तानी सैन्याने घट्ट धरून ठेवलं होतं. त्याच्यावर पायदळाने मागच्या बाजूने हल्ला करायचा, आणि त्यासाठी जस्सोरन व बुतूर-डोग्रांडी ही दोन गावं आधी हातात हवीत. १६ सप्टेंबरला, जखम तशीच अंगावर वागवत, तारापोरांनी ती दोन्ही घेतली. त्यांच्या स्वतःच्या रणगाड्यावर अनेक गोळे आदळले. तरी त्यांनी ती ठिकाणं सोडली नाहीत, कारण ती सोडली असती तर पायदळ उघड्यावर पडलं असतं. बुतूर-डोग्रांडीच्या त्याच झुंजीत ८ गढवाल रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल झिराड हेही कामी आले. झिराड हे आडनाव मूळ आपल्या अलिबागकडच्या गावाचं, बेने इस्रायली समाजातलं. एकाच गावाच्या लढाईत एक पारशी आणि एक ज्यू कर्नल भारतासाठी मेले. जातीधर्मावरून होस्टेलमध्ये गट पाडणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे वाचावं.

त्याच दिवशी तारापोर प्राणघातक जखमी झाले आणि त्यांना वीरमरण आलं. वय ४२. त्यांच्या मानपत्रात नोंद आहे की या लढाईत पूना हॉर्सने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे नष्ट केले आणि स्वतःचे गमावले ९. कमांडंट पडल्यावरही रेजिमेंट मागे हटली नाही, हेही त्यात लिहिलं आहे. मला तरी आकड्यांपेक्षा हे शेवटचं वाक्य मोठं वाटतं. नेता असताना लढणं वेगळं. नेता गेल्यावरही माणसं तशीच लढली, तर त्याने आयुष्यभर काय पेरलं ते कळतं.

लढाईवर निघताना त्यांनी आपल्या सहकारी अधिकाऱ्याला निरोप सांगून ठेवला होता असं सांगितलं जातं. मी पडलो तर माझा अंत्यसंस्कार रणभूमीवरच करावा. प्रार्थनेचं पुस्तक आईला द्यावं, सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला आणि फाउंटन पेन मुलाला. इतकीच वाटणी. हिशेब चोख ठेवून माणूस कामाला गेला.

त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झालं. पण इतिहास सिनेमासारखा संपत नाही. चाविंडा आपल्याला मिळालं नाही. २३ सप्टेंबरला युद्ध थांबलं. १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद करार झाला आणि दोन्ही बाजूंनी जिंकलेली जमीन परत केली. म्हणजे फिल्लौरा गेलं, वझीरवाली गेलं, जस्सोरन आणि बुतूर-डोग्रांडीही गेलं. ज्या मातीसाठी माणसं मेली ती माती कागदावर सही होऊन जिथल्या तिथे परतली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ ब्रश हातात घेतला नाही. मग काय उरलं? कशासाठी झिजली ही माणसं आणि ही चाकं?

माझ्यापुरतं मी उत्तर असं काढलं. जमीन देता-घेता येते, झीज परत करता येत नाही. जे काम झालं ते झालं, आणि ते ज्यांनी पाहिलं त्यांच्यात ते उतरलं. याला पुरावा आहे. सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ ला, याच पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल बसंतर नदीच्या लढाईत पेटलेला रणगाडा सोडायला नकार देऊन लढत राहिले. वय २१. त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. एका रेजिमेंटचा कमांडंट आणि त्याच रेजिमेंटचा एक तरुण अधिकारी, दोघेही सारखेच वागले. ही गोष्ट वर्गात शिकवून येत नाही. कुणीतरी आधी तसं करून दाखवावं लागतं.

सरकारी स्मरणही उशिरा का होईना झालं. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधल्या २१ बेटांना परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची नावं दिली गेली, त्यात एक बेट तारापोरांच्या नावाचं आहे. आणि ज्यांना यंत्र बघायचं आहे त्यांनी अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला जावं. तिथे चिलखती दलाचं केंद्र आहे आणि १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. सेंच्युरियन आहे, पॅटनही आहे. इंडस्ट्रियल व्हिजिट पुण्याला निघाली तर सरांना विनंती करून वाटेत तिथे थांबता येईल. तोफेसमोर फोटो सगळेच काढतात. तुम्ही खाली वाकून चाकं बघा.

आता रूम पार्टनरच्या प्रश्नाचं उत्तर. पत्र्यामागे झाकली जाणारी चाकं का रंगवायची? कारण खऱ्या रणगाड्यात ती तिथे होती, आणि ५१ टन ओझं त्यांनीच वाहिलं. दिसत नाही म्हणून काम सोडायचं नसतं. फिल्लौराच्या धुरात कोण पुढे आहे आणि कोण मागे, हे बघायला दिल्लीहून कुणी आलं नव्हतं. तारापोर पुढे होते, कारण त्यांच्या मते कमांडंटची जागा तीच होती.

आपण इंजिनिअर होणार. आपलं बरंचसं काम असंच पत्र्यामागे झाकलं जाणार आहे. पुलाच्या पायातला काँक्रीटचा दर्जा, बॉयलरच्या आतलं वेल्डिंग, प्रोग्रॅममधली कुणी न वाचणारी ओळ. सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याची फाइल उतरवताना सवय लागते ती हीच, की बाहेरून दिसतंय ना बरोबर, मग झालं. ही सवय पुढे महागात पडते, आणि किंमत बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी मोजतो.

१६ सप्टेंबर ही तारीख आपल्या वह्यांमध्ये नाही. पुढच्या वर्षी ती आली की दोन मिनिटं आठवण काढा. भाषण नको, हार नको. त्या दिवशी हातात जे काम असेल, त्याचा कुणालाही न दिसणारा भाग नीट करा. पुण्याच्या बोर्डिंगमधल्या त्या शाळेच्या कॅप्टनला तेवढं पुरेसं वाटलं असतं, असं मला वाटतं.